टेपाच्या वाडीचा निबंध

आषाढ भरात आला की महाडच्या आमच्या माडीवरून डोंगर दिसेनासे होतात. पण ते तिथे आहेत हे काही विसरता येत नाही. पाऊस मधेच थबकतो, पागोळ्या गळायच्या थांबतात, आणि त्या गप्प वेळात पोलादपूरच्या अंगाने काहीतरी घुमल्यासारखा आवाज येतो. ढग असतील. कशेडीत कुठे माती घसरली असेल. लाकडं भरलेली एखादी गाडी पुलावरून गेली असेल. घरातली माणसं आपापली कामं करत राहतात. माझा हात मात्र असेल तिथे थांबतो. पानाला चुना लावत असलो तर चुन्याचं बोट तसंच हवेत राहतं.

कॉलेजं उघडतात तीही याच दिवसांत. शेजारच्या वकिलांची नात पुण्याला शिकते. परवा जाण्याआधी नमस्काराला आली आणि म्हणाली, "काका, आम्हाला यंदा वादाचा निबंध आहे. एक प्रश्न घ्यायचा, माहिती गोळा करायची, आपली बाजू सिद्ध करायची. तुमच्या वेळी असं काही होतं का हो?"

"होतं," म्हटलं.

"मग सांगा ना कसं लिहायचं."

मी तिला चार ठोकळेबाज गोष्टी सांगितल्या. प्रश्न लहान घे, ऐकीव गोष्ट लिहू नकोस, वगैरे. ती समाधानाने गेली. सदाशिवबद्दल मी तिला काही बोललो नाही. बाहेर पाऊस थांबला होता आणि माझं लक्ष त्या आवाजाकडे होतं.

एकोणीसशे तिसाच्या पुढेमागे आम्ही दोघं पुण्यात शिकत होतो. मी महाडच्या बाजारपेठेतल्या मिठागुळाच्या दुकानदाराचा मुलगा, आणि सदाशिव पोलादपूरच्या वर डोंगराच्या कुशीत असलेल्या टेपाच्या वाडीतला, कुणब्याचा. वाडीतून मॅट्रिक झालेला तो पहिलाच. महाडच्या शाळेत असताना तो आमच्याकडेच जेवायला असे, त्यामुळे आमच्या घरात तो पाहुणा कधीच नव्हता. पुण्यातही आम्ही एकाच खोलीत राहत होतो.

इंग्रजी रचनेचा तास दुपारी असे. ओल्या छत्र्यांचा वास, शाईचा वास, आणि खिडकीशी बसणाऱ्याच्या वहीवर उडणारे तुषार. मराठेसर अंगाने काटकुळे, आवाजाने त्याहून बारीक. निबंध तपासून आणले की ते एकेकाचं एखादंच वाक्य मोठ्याने वाचत आणि चष्म्यावरून बघत विचारत, "कशावरून?" बस्स, एवढंच. भल्याभल्यांना त्या एका शब्दाने घाम फुटे. पहिलं वर्ष संपताना त्यांनी आम्हाला पुढच्या सत्रासाठी मोठा निबंध नेमून दिला. "स्वराज्य, स्त्रीशिक्षण, विज्ञान शाप की वरदान, हे काही मला नको," ते म्हणाले. "तुमच्या गावातला प्रश्न आणा. ज्याचं उत्तर तुम्हाला अजून ठाऊक नाही असा. सुट्टीत माणसांना विचारा, डोळ्यांनी बघा. आणि विरुद्ध बाजू अशी मांडा, की तो माणूस स्वतः म्हणाला पाहिजे, होय, मला हेच म्हणायचं होतं. मग तिला उत्तर द्या."

सगळे हसले. सदाशिव हसला नाही. खोलीवर आल्यावर म्हणाला, "माझा प्रश्न ठरला. वाडी हलवावी की नाही."

आदल्या पावसाळ्यात वाडीच्या डोक्यावरच्या उतारावर एक भेग पडली होती. लांबच्या लांब, वेडीवाकडी. दिवाळीत गेला असताना सदाशिवने भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून मध्ये सुंभाची दोरी सैल बांधून ठेवली होती. कशासाठी, हे तेव्हा त्यालाही नीट सांगता आलं नसतं. मे महिन्यात आम्ही दोघं वाडीवर गेलो आणि पहिल्यांदा तिथेच चढलो. दोरी ताणून तुणतुण्याच्या तारेसारखी झाली होती. सदाशिवने तिला बोटाने छेडलं. बारीकसा आवाज आला. उन्हाने पांढरा पडलेला तो उतार, खाली शेणाने सारवलेली अंगणं, वाळत घातलेली आमसुलं, कोंबड्या, आणि वर ती दोरी. मी म्हटलं, "उतरू या."

पुढचे दिवस आम्ही घरोघरी विचारत फिरलो. सर्वांत वरच्या घराचं दार होळीपासून लागत नव्हतं; चौकट तिरकी झाली होती. झऱ्याचं पाणी भर उन्हाळ्यात गढूळ येऊ लागलं होतं. बायका ते फडक्यातून गाळून घेत आणि फडक्यावर तांबडी माती राही. एका म्हाताऱ्याने सांगितलं की दुपारी अंगणात पडलं की कानाला जमिनीतून करकर ऐकू येते. मीही कान लावून बघितला. मला काही ऐकू आलं नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. सदाशिव सगळं लिहून घेत होता. "हे ऐकीव, हे बघितलेलं," असे दोन भाग त्याने केले होते.

वाडीच्या खाली, ओढ्याच्या पलीकडे, गुरं चारायचा सपाट माळ होता. डोंगरापासून लांब. तिथे खोपी बांधून पावसाळा काढावा, मग पुढचं बघावं, एवढंच सदाशिवचं म्हणणं. पण वाडीचा शब्द धोंडूकाकांच्या हातात होता, आणि धोंडूकाका म्हणजे सदाशिवचे वडील.

या माणसाला नाही म्हणायला फार आवडे. आमच्या दुकानात ते मिठाला आले की माझे वडील हातातलं काम बाजूला ठेवत. मीठ ओलं आहे, माप खोटं आहे, गूळ काळा आहे, आणि हवा म्हणशील तर यंदा पाऊस उशिरा हाय; असं सगळ्याला आडवं लावत, चहा पीत, तासभर भांडत बसायचे. जाताना तेच मीठ आणि तोच गूळ घेऊन जायचे. माझे वडील म्हणत, धोंडू भांडून गेला की दुकान झाडल्यासारखं वाटतं.

एका संध्याकाळी त्यांच्या अंगणात सगळी वाडी जमली. सदाशिव उभा राहिला. त्याने मराठेसरांच्या रीतीने आधी वडिलांची बाजू मांडली. झरा वर आहे, खाली ओढ्याचं पाणी पिऊन ताप येईल. खाचरं वर आहेत. राखण नसली तर रानडुकरं एका रात्रीत पीक लोळवतील. देव वर आहे. बाबांच्या लहानपणी अशीच भेग पडली होती, ती मातीने भरून मिटली, आणि तेव्हा पळालेले लोक पावसाळा संपल्यावर मान खाली घालून परत आले. हे सगळं तो इतक्या आपुलकीने बोलला की बायका माना डोलवू लागल्या. मग त्याने एकेका मुद्द्याला उत्तर दिलं. दोरीचं सांगितलं, दाराचं सांगितलं, झऱ्याचं सांगितलं.

धोंडूकाका शांतपणे ऐकत होते. "झालं तुजं?"

"झालं."

"माजी बाजू तू माज्यापरास बरी बोललास रे. मला येवढं बोलाय येत नाय." त्यांनी तंबाखू मळून तोंडात टाकली. "आता सांग, येवढी बरी बाजू हाय माजी, मग मी घर कशाला सोडू?"

अंगण हसून लोटपोट झालं. सदाशिवचे कान लाल झाले. हसणाऱ्यांत शेजारचा भिकू होता, आणि दाराशी पदर तोंडाला लावून त्याची बायको जनी. लग्नाला त्यांच्या वर्षही झालं नसेल. जनीचं हसू आवरेना म्हणून सासू तिला दटावत होती, तेही मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सदाशिवच्या आईने डोक्यावर हंडा घेतला, हंड्यावर कळशी, काखेत तवा, आणि ती उताराला लागली. धोंडूकाका ओरडले, "कुटं चाललीस गो?"

"खाली. चूल तिथं मांडते. ज्याला भाकर पायजे त्यो येईल."

ती मागे वळली नाही. थोड्या वेळाने जनी निघाली, मग तिची सासू, मग बाकीच्या. पुरुषमाणसं दुपारपर्यंत वर बसली आणि मग भूक लागली. सात-आठ दिवसांत माळावर पेंढ्याने शाकारलेल्या खोपी उभ्या राहिल्या. धोंडूकाका सर्वांत शेवटी आले. जेवून वर झोपायला जायचे, त्यांना पावसाने खाली आणलं. "मी हरलो नाय," ते मला म्हणाले. "मी भाकर खायला आलोय." सदाशिव खोपीच्या मागे जाऊन हसला. त्या वर्षातलं त्याचं ते शेवटचं मोकळं हसू.

आता एवढ्या वर्षांनी विचार करतो तेव्हा वाटतं, आम्ही फक्त घरांचा विचार केला होता. घरं खाली आली, शेतं कशी येणार? लावणी वरच करायची होती. तण काढायची बेणणी वरच. माणसं रोज सकाळी इरली घेऊन त्याच डोंगराखाली जात आणि संध्याकाळी खाली येत, आणि आम्हाला वाटत होतं, वाडी हलली. माझ्या वयाचा माणूस पावसाचा आवाज ऐकत बसला की असले हिशेब मनात येतात. तेव्हा आम्ही मोठ्या आनंदाने पुण्याला परतलो होतो. सदाशिवचा निबंध जवळजवळ पुरा झाला होता. त्याने शेवटी लिहिलं होतं, की वाडी हलली आणि प्रश्न सुटला.

श्रावणात पुण्याला ऊनपावसाचा खेळ असतो. अशाच एका लख्ख सकाळी सदाशिव नळावर धोतर पिळत होता आणि माझे एक चुलते फाटकातून आत आले. ते महाडहून आले होते. त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या नाहीत, बसले नाहीत. नुसते सदाशिवकडे बघत राहिले.

सदाशिवने पीळ तसाच धरून विचारलं, "बाबा?"

"आहेत. धोंडू आहे. तुझी आईही आहे."

"मग कोण?"

"भिकू आणि त्याची बायको."

भर दुपारी, बेणणी चालू असताना डोंगर उतरला होता. आधी झरा बंद पडला. पाणी यायचंच थांबलं, म्हणून धोंडूकाका बघायला कडेच्या बांधावर गेले. तेवढ्यात वरचं झाड उभंच्या उभं चालत आल्यासारखं त्यांना दिसलं. त्यांनी हाका मारल्या. कडेला बेणणारे पळाले; भिकू आणि जनी मधल्या खाचरात वाकून होती, डोक्यावर इरली. पावसात हाक पोचली की नाही कोण जाणे. रिकामी घरं, मधली खाचरं, झरा, देवाची घुमटी, सगळं तांबड्या चिखलाखाली गेलं. घरांत कोणी असतं तर अख्खी वाडी गेली असती. गावाकडून येणारा प्रत्येक जण हेच म्हणत होता. पोराने वाडी वाचवली.

सदाशिव त्याच दिवशी गेला. परतला तेव्हा गणपती होऊन गेले होते. मग एकदा, दिवा लावता लावता म्हणाला, "मी पोचलो तेव्हा बाबा माळावर बसले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, तुजं खरं झालं रे." काडी बोटापर्यंत जळत आली तरी त्याने टाकली नाही. "वामन, त्यांनी आजवर माझी एकसुद्धा गोष्ट कबूल केली नव्हती. आणि मला असं वाटलं, की डोंगर मीच ढकलला."

मी म्हटलं, "वेड्यासारखं बोलू नकोस."

पण निबंध द्यायचा होता, आणि तो रोज टेबलाशी बसत होता. काय लिहितोय ते त्याने मला दाखवलं नाही. मराठेसरांनी वर्गात कागद परत दिले तेव्हा सदाशिवचा कागद त्यांच्याच हातात राहिला.

"तुम्ही वाडीने का हलू नये एवढंच लिहिलं आहे," ते म्हणाले. "फार चांगलं लिहिलं आहे. पण याला उत्तर कुठे आहे?"

"उत्तर लिहिलं नाही, सर."

"का? तुमची बाजू तर उलट होती. तुम्हाला पुरावा..." सर बोलता बोलता थांबले. सदाशिव सुट्टीवर का गेला होता हे त्यांना ठाऊक होतं. मीच कळवलं होतं. सदाशिव बाकाची कड धरून उभा होता.

"सर, मला बाबांना उत्तर द्यायचं नाही," तो म्हणाला.

सरांनी तो कागद घडी करून आपल्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. गुण दिले की नाही, किती दिले, आम्हाला कधीच कळलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत महाडला गेलो तेव्हा वडिलांनी मला दुकानातच गाठलं. धोंडूकाका मध्यंतरी मिठाला येऊन गेले होते. वडिलांनी मुद्दाम पोत्याच्या तळचं, पाणी सुटलेलं, काळपट मीठ त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांना वाटलं, आता उठेल, बोट घालून दाखवेल, शिव्या देईल. "तर म्हणाला, चालंल," वडील म्हणाले. "उचललं आणि गेला. मला हाक मारायचंही सुचलं नाही रे." ते सांगताना माझे वडील, एवढा तोंडाळ माणूस, तराजूच्या साखळीशी चाळा करत राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही टेपाच्या वाडीला गेलो. वाडी म्हणजे आता माळावरच्या खोपी. वर डोंगराची सोललेली बाजू लालभडक दिसत होती. बाकी सगळीकडे गवत पिवळं होऊन वाऱ्यावर हलत होतं, त्या पट्ट्यावर मात्र काही उगवलं नव्हतं. कावळेही तिथे बसत नव्हते. भिकूची म्हातारी आई खोपीच्या दारात सूप घेऊन बसली होती. सुपात काही नव्हतं.

धोंडूकाका डोंगराकडे पाठ करून बसले होते. मला बघून "ये" म्हणाले. सदाशिवने त्यांना बोलतं करायचा हरप्रकारे प्रयत्न केला.

"बाबा, कडेच्या खाचरांतलं उरलेलं भात उद्या कापू या का?"

"कापू या."

"की चार दिवस थांबू या? दाणा अजून ओला वाटतो."

"थांबू या."

"खोप त्या तिकडे, ओढ्याच्या काठाला नेली तर?"

"तू म्हणशील तसं."

ओढ्याच्या काठाला खोप नेणं म्हणजे पहिल्या पुरात वाहून जाणं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. सदाशिव माझ्याकडे बघू लागला. आत त्याची आई भाकरी थापत होती, तिचे हातही थांबले. मग ती मला हळूच म्हणाली, "दोन म्हैनं असंच चाललंय. घरातल्या घरात मानूस हरवलंय माजं."

जेवणं झाल्यावर सदाशिव वडिलांसमोर जाऊन बसला. "बाबा, मी कॉलेज सोडतो. इथं तुम्हाला हात पाहिजे."

याच माणसाने, वाडीतल्या सगळ्यांशी भांडून, त्याला शाळेत घातलं होतं. धोंडूकाकांनी जमिनीवरची काडी उचलली, मोडली.

"सोड," ते म्हणाले.

"नाय." चुलीपाशी बसलेल्या आईचा आवाज होता तो. ती बाहेर आली, हाताला पीठ तसंच. "त्यो जानार. ह्यांचं काय ऐकू नको. ह्यांचं डोकं आता ह्यांच्यापाशी नाय."

धोंडूकाकांनी त्यालाही मान डोलावली.

सुट्टी संपल्यावर ते आम्हाला पोचवायला पोलादपूरपर्यंत आले. सदाशिवची ट्रंक त्यांनीच डोक्यावर घेतली होती. धुकं उतरत होतं, खाली सावित्रीचं पात्र चकाकत होतं, आणि मला मनातून वाटत होतं की आपण या माणसाला शेवटचं बघतो आहोत. माणूस असा आतून विझत गेला की फार दिवस राहत नाही, हे त्या वयातही मला कळत होतं.

महाबळेश्वरला जाणारी मोटर नाक्यावर उभी होती. माणसं खच्चून भरली होती, टपावर कोंबड्यांच्या डालग्या, गाठोडी. आम्ही आत शिरायला वळलो तेवढ्यात धोंडूकाकांनी ट्रंक खाली ठेवली. मोटरीभोवती एक फेरी मारली. मागच्या चाकापाशी वाकले, त्याला हात लावला आणि उभे राहिले.

"हीत बसायचं नाय."

सदाशिवचा पाय पायरीवर होता. "काय म्हणालात?"

"हीत बसायचं नाय. चाक बग कसं बसलंय. घाट चढायचा हाय तुमाला."

"बाबा, रोज जाते ही मोटर."

"जात आसंल. म्हनून काय आज जाईल?"

"आणि दुसरी कुठली मोटर आहे इथं? उद्यापर्यंत थांबू का मी?"

"थांब! मरायची घाई हाय?"

सदाशिव पायरीवरून खाली उतरला. त्याचा आवाज चढला. तो म्हणाला, उद्या कॉलेज आहे. धोंडूकाका म्हणाले, कॉलेज काय पळून चाललंय? तो म्हणाला, चाकाला काही झालेलं नाही, ड्रायव्हरला विचारा. ते म्हणाले, ड्रायव्हरला काय कळतंय, त्याच्या तोंडाला ताडीचा वास हाय. ड्रायव्हर भडकला. तोही भांडणात पडला. आतले उतारू ओरडायला लागले, कोंबड्या ओरडायला लागल्या, आणि सदाशिव हातवारे करत, मुद्द्याला मुद्दा लावत, भर नाक्यावर बापाशी भांडत होता. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं.

शेवटी मोटर आम्हाला सोडून निघून गेली. धूळ खाली बसेपर्यंत दोघं भांडतच होते.

आम्ही त्या दिवशी परत वाडीला गेलो आणि दुसऱ्या दिवशी निघालो. ती आदल्या दिवशीची मोटर घाट चढून सुखरूप पोचली होती, हे महाबळेश्वरच्या थांब्यावर कळलं. चाकाला काहीएक झालं नव्हतं. धोंडूकाकांचं म्हणणं साफ चुकीचं निघालं होतं. सदाशिवने ते त्यांना कधीच सांगितलं नाही.